काळी मेंदी, हेअर डाय आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

गेल्या अंकात केस गळण्यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ डायबद्दल होती की पॅच टेस्ट, म्हणजे आधी कातडीच्या छोट्या जागेवर लावून बघणं, केल्याशिवाय लावू नका, आणि नंतर जी पत्रं आणि मेसेज आले ते जवळजवळ सगळे त्या एका ओळीवरच. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणींनी तसं कळवलंच होतं.

प्रश्न : ताई, माझं वय ५६. गेली कित्येक वर्षं मी एकाच कंपनीची काळी मेंदी लावते, छोटी पुडी येते ती, पाण्यात कालवायची, अर्ध्या तासात केस काळेभोर. कधी काही झालं नाही. या वेळी शनिवारी लावली, रविवारी रात्री डोकं खाजायला लागलं आणि सोमवारी सकाळी डोळेच उघडेनात एवढी सूज. डॉक्टर म्हणाले डायची अ‍ॅलर्जी. पण मी डाय लावतच नाही हो, मेंदी लावते! कंपनीनं काही बदललं असेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे, आणि कंपनीनं काही बदललेलं असायची गरजही नाही. मेंदीच्या पानात जो रंग असतो ना, लॉसोन म्हणतात त्याला, तो केशरी ते विटकरी तपकिरी एवढाच. चढायला त्याला तास-दोन तास लागतात, पुढचे एक-दोन दिवस तो आणखी गडद होत जातो, पण काळा होत नाही, तुम्ही रात्रभर डोक्यावर ठेवा नाहीतर काय वाटेल ते करा. त्यामुळे अर्ध्या तासात पांढरे केस काळेकुळकुळीत करणाऱ्या पुडीत मेंदी असेलही थोडीफार, पण काम दुसरंच कोणीतरी करतंय. पुडी फेकली नसेल तर उलटी करा, चष्मा लावा, तरी दिसलं नाही तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. घटकांच्या यादीत पी-फिनिलिनडायअमीन किंवा पॅरा-फिनिलिनडायअमीन असं काहीतरी सापडेल, शेजारी बऱ्याचदा बेरियम पेरॉक्साइडही असतं. हेच ते पीपीडी, आणि हाच डाय. पुडीवर मेंदीच्या पानाचं चित्र आहे म्हणून ती मेंदी होत नाही, आणि या चित्रानं आपल्याकडच्या किती बायकांना फसवलंय हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता इतकी वर्षं काही झालं नाही मग आत्ताच का, हे नीट समजून घ्या कारण सगळ्यांचा गैरसमज इथेच होतो. पीपीडीचा रेणू लहान असतो आणि त्याला स्वतःचा फारसा रंग नसतो. लहान असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो, आत पेरॉक्साइडशी गाठ पडली की असे बरेच रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे काळे रेणू तयार होतात, ते मग बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग धुतला तरी टिकतो. पण केसात शिरणारं जे काही आहे ते डोक्याच्या कातडीतही शिरतं. आपल्या प्रतिकारशक्तीनं एकदा त्याला परकं म्हणून ओळखलं की ती ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. ही ओळख पहिल्यांदा लावल्यावर पटेल की पन्नासाव्यांदा, ते आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे दहा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ आपल्याला चालतं असा धरून बसायचं नाही, प्रत्येक वेळी लावताना शक्यता परत उभी राहते.

आणि ही अ‍ॅलर्जी उशिरा उठणारी आहे. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस. त्यामुळे शनिवारी लावलेल्या डायचा संबंध सोमवारच्या सुजेशी लावायचं डोक्यातच येत नाही, लोक रविवारी खाल्लेल्या कोळंबीवर नाहीतर नव्या साबणावर खापर फोडतात आणि पुढच्या महिन्यात परत तीच पुडी कालवतात. सूजही बरेचदा डोक्यापेक्षा पापण्यांवर, कानांवर, मानेवर जास्त दिसते कारण तिथली कातडी पातळ. काही जणींना तर सूज-खाज येतच नाही, नुसता कपाळाच्या कडेनं आणि कानापुढे काळपटपणा येत राहतो, त्या वांग समजून क्रीमं लावत बसतात. असं ज्यांना होतंय त्यांनी स्किनच्या डॉक्टरांना डायबद्दल आपणहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स मधेच सोडू नका, बरं वाटलं तरी. ओठ-जीभ सुजायला लागली, घसा आवळल्यासारखा झाला, दम लागला तर मात्र उद्या बघू म्हणायचं नाही, १०८ लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. कातडी पूर्ण शांत झाल्यावर डॉक्टरांकडून पाठीवरची पॅच टेस्ट करून घ्या, त्यात व्हॅसलिनसारख्या बेसमध्ये एक टक्का पीपीडी घालून पट्टी लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि चौथ्या दिवसाच्या आसपास परत बघतात. ती पॉझिटिव्ह आली की पीपीडी कायमचं बंद, अगदी 'लग्नापुरतं एकदाच'सुद्धा नाही, कारण पुढची रिअ‍ॅक्शन जास्त जोरात येऊ शकते. आणि ही गोष्ट फाइलवर लिहून ठेवायला सांगा, कारण पीपीडीशी रचनेत साम्य असलेल्या काही गोष्टींनाही शरीर तसंच वागू शकतं : तोंड आलं की लावायच्या जेलमधलं किंवा घशाच्या गोळ्यांमधलं बेन्झोकेन, सल्फाची काही औषधं, गडद सिंथेटिक कपड्यांमधले काही रंग. दाताच्या डॉक्टरांनाही आधी सांगत जा. ते इंजेक्शनला बहुतेक वेळा लिग्नोकेन वापरतात, ते वेगळ्या गटातलं आहे, पण त्यांना माहिती असलेली बरी.

प्रश्न : हे इतकं धोक्याचं आहे तर सरकार सरळ बंदी का घालत नाही? एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, नक्की करतं काय? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : तुमचा राग अगदी रास्त आहे, पण उत्तर जरा लांबचं आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्यूर नावाचा पापण्या-भुवया काळ्या करायचा रंग विकला जायचा, त्यात याच प्रकारचा डाय होता. तो लावून बायकांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला, आणि तेव्हा तिथल्या एफडीएच्या हातात सौंदर्यप्रसाधनांवर कारवाई करायला कायदाच नव्हता, १९०६ चा जो कायदा होता तो फक्त अन्न आणि औषधांपुरता. या आणि अशा इतर प्रकरणांनंतर १९३८ मध्ये नवीन कायदा आला. पण त्याच कायद्यात कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना, पीपीडी त्यातलंच, वेगळी सवलत मिळाली, की बाबा पाकिटावर इशारा छापा, आधी टेस्ट करायला सांगा, पापण्या-भुवयांना लावू नका असं लिहा, मग विका. पांढऱ्या केसांवर इतका पक्का काळा रंग देणारं दुसरं काही हाताशी नव्हतं, हे त्यामागचं मोठं कारण. तीच विचारपद्धत मग बऱ्याच देशांत चालत आली.

आपल्याकडे मूळ कायदा १९४० चा, तो फक्त औषधांचा होता, १९६२ च्या दुरुस्तीनं त्यात सौंदर्यप्रसाधनं आली. डिसेंबर २०२० मध्ये कॉस्मेटिक्सचे स्वतंत्र नियम निघाले. काही गोष्टींना आपल्याकडेही सरळ मनाई आहे, रंगासाठी शिसं आणि आर्सेनिकची संयुगं वापरता येत नाहीत, पारा घालता येत नाही. पीपीडी त्या रांगेत नाही, ते 'इशाऱ्यासह चालेल' या रांगेत आहे. आणि हा इशारा आपल्या नियमांत अगदी सविस्तर आहे, वाचला तर अंगावर काटा येतो. या डायमधल्या घटकांनी काही जणांच्या कातडीला त्रास होऊ शकतो म्हणून आधी टेस्ट करा, पापण्या आणि भुवयांना लावू नका कारण आंधळेपण येऊ शकतं, आणि टेस्ट एकदाच करून भागणार नाही, दर वेळी लावण्याआधी करा. हा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यायचा, हेसुद्धा नियमातच आहे.

युरोपात हे आणखी घट्ट आहे. तिथे मिसळून डोक्यावर लावताना पीपीडी दोन टक्क्यांच्या वर नको, सोळा वर्षांखालच्यांसाठी हे नाही असं पाकिटावर छापावं लागतं, आणि काळ्या मेंदीचा टॅटू काढला असेल तर अ‍ॅलर्जीचा धोका वाढतो हेही छापावं लागतं.

माझं स्पष्ट मत सांगते. नियम कागदावर वाईट नाही, पण चिमुकल्या पुडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला इशारा म्हणजे दिलाच नाही असं समजायला पाहिजे, ज्यांना तो सगळ्यात जास्त लागतो त्या वयाच्या लोकांना तो दिसतच नाही. तुमच्या घरातलं पाकीट घेऊन त्यावर मराठी शोधून बघा. आणि पार्लरमध्ये तर पाकीट गिऱ्हाइकाच्या नजरेलाही पडत नाही, आतल्या खोलीतून वाटीत कालवूनच बाहेर येतं. लावण्याआधी डबा दाखवायचा, टेस्ट केली का विचारायचं, एवढं जरी प्रत्येक पार्लरनं केलं तरी बरेच डोळे सुजायचे वाचतील. तोवर आपण मागायचं, लाजायचं नाही. पैसे आपण देतोय आणि डोकंही आपलंच आहे.

प्रश्न : भाचीचं लग्न आठ दिवसांवर आलंय आणि मला केस रंगवायचेत, पहिल्यांदाच. पॅच टेस्ट घरी कशी करायची ते नीट सांगाल का? पार्लरवाली म्हणते काही गरज नाही, आमचा अमोनिया फ्री आहे. (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : आठ दिवस आहेत म्हणजे वेळेत विचारलंत, टेस्ट आजच करा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला एक रुपयाएवढी जागा साबणानं धुवून कोरडी करा. जो डाय डोक्याला लावणार तोच, त्याच पद्धतीनं कालवून, म्हणजे डेव्हलपर (सोबत येणारं पेरॉक्साइडचं मिश्रण) असेल तर तोही मिसळून, थोडासा तिथे लावा आणि वाळू द्या. चोवीस तास तसाच ठेवायचा, मग हलक्या हातानं धुवायचा. पाकिटावर याहून वेगळं काही लिहिलं असेल, तर त्या पाकिटासाठी तेच पाळा. लाल झालं, खाज आली, बारीक फोड आले, आग झाली, यातलं काहीही झालं तर तो डाय तुमच्यासाठी नाही, लगेच धुवून टाका. काही झालं नाही तरी लगेच डोक्याला लावू नका, आणखी एक-दोन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवा कारण मघाशी सांगितलं तसं हे उशिरा उठतं. म्हणून सकाळी टेस्ट आणि संध्याकाळी डाय असं करण्यात काही अर्थ नाही. टेस्ट साफ आली म्हणजे शंभर टक्के हमी असं नाही, पण मोठा धोका बराच टळतो. मात्र पूर्वी डायनं, काळ्या मेंदीनं किंवा टॅटूनं कधी त्रास झालेला असेल तर घरी टेस्ट करायचीच नाही, डॉक्टरांकडे जायचं.

अमोनिया फ्रीचं म्हणाल तर अमोनिया वेगळा आणि पीपीडी वेगळं. अमोनियाचं काम केसाचं वरचं आवरण उघडायचं, वास त्याचा असतो, डोळे झोंबतात ते त्यानं. त्याच्या जागी दुसरं काही वापरलं की पाकिटावर अमोनिया फ्री छापता येतं, आत पीपीडी असतं ते असतंच. हर्बल, नॅचरल, आयुर्वेदिक घटकांनी युक्त, या शब्दांचंही तेच, आवळा-शिकेकाई-ब्राह्मीची नावं समोर मोठ्या अक्षरात आणि पीपीडी मागे. नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, त्यामुळे यादीत कोण किती वर आहे तेही बघत जा. पीपीडी नाही असं अभिमानानं लिहिलेले काही डाय मिळतात, त्यात पुष्कळदा टोल्युइन-२,५-डायअमीन असतं. ज्यांना अजून अ‍ॅलर्जी नाही त्यांना ते चालेल कदाचित, पण पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्यानंही त्रास होतो, दोघं सख्खे भाऊच म्हणा ना.

प्रश्न : मी हडपसरला पार्लरमध्ये काम करते. लग्नसराईत दिवसाला कितीतरी टचअप असतात. सहा महिने झाले बोटं फाटतात, रात्री खाज सुटते, नखांच्या कडा काळ्या पडल्यात. मालकीण म्हणते कोल्ड क्रीम लाव. काम सोडायला परवडणार नाही. (एक वाचक)

उत्तर : तुमचं पत्र वाचून सगळ्यात जास्त काळजी वाटली, कारण डोक्याला लावणारी महिन्यातून एकदा लावते आणि तुमचे हात रोज त्यात. कोल्ड क्रीमनं हे जाणार नाही. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय काम करता ते सांगा. सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत दाखवलंत तर खर्चही फार येणार नाही.

कामावर लगेच बदलायच्या गोष्टी म्हणजे ग्लोव्हज, आणि कुठले तेही महत्त्वाचं आहे. डायच्या डब्यातच जे पातळ पिशवीसारखे येतात ते मनगटाशी सैल असतात, डाय आत शिरतो आणि मग आतल्या घामात बसून राहतो, ते न घातल्याहून वाईट. नायट्राइलचे घ्या, बोटांना बसतील असे, मनगटाच्या वर जाणारे. एका गिऱ्हाइकाला एक जोडी, धुवून परत नाही. बहुतेक जणी डाय लावताना ग्लोव्हज घालतात आणि धुताना काढतात कारण पाण्यात हात घसरतो, पण बॅकवॉशला डोकं धुताना न मुरलेला डाय पाण्याबरोबर बोटांवरूनच तर वाहत असतो. तेव्हाही हवेत. कालवताना खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू, पावडरचा डाय असेल तर धुरळा उडणार नाही असं हळू ओता. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली डाय साठतो. आधी रंगवून मग कापायचं असं करत असाल तर उलटं करा : आधी कापा, मग रंगवा, म्हणजे ताजा रंगवलेला केस हाताळावा लागत नाही.

आणि हे मालकिणीला वाचायला द्या. केशकर्तन आणि सलूनच्या कामातल्या रसायनांचा विषय जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, आयएआरसीनं, तपासला आहे आणि या व्यवसायातल्या संपर्काला 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात, म्हणजे २ए मध्ये ठेवलंय. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात जुन्या काळातल्या डायचा, ज्यातले काही रंग नंतर काढून टाकले, त्याचाही वाटा आहे हे खरं, पण ग्लोव्हजचा खर्च वाचवायला ते कारण पुरत नाही. ग्लोव्हज मालकिणीनं द्यायचे असतात, तुमच्या पगारातून नाही.

प्रश्न : मग आम्ही महिन्याला एकदा लावतो, आम्हाला कॅन्सर होणार का? (एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

उत्तर : सर, घरी स्वतःच्या केसांना लावण्याला त्याच आयएआरसीनं गट ३ मध्ये ठेवलंय, म्हणजे पुरावा इतका अपुरा की होय किंवा नाही असं वर्गीकरण करता येत नाही. नंतरचे दोन मोठे अभ्यास आहेत, दोन्ही अमेरिकेतल्या बायकांवरचे. २०१९ मध्ये आलेल्या एकात ४६ हजारांहून जास्त बायका होत्या, त्यात पक्का डाय वापरणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ९ टक्क्यांनी जास्त दिसलं, कृष्णवर्णीय बायकांत ते ४५ टक्के जास्त. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्यात १ लाख १७ हजार नर्सेस होत्या, ३६ वर्षं पाठपुरावा, त्यात एकूण कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला नाही, काही मोजक्या प्रकारांत थोडी वाढ दिसली. यावरून मी तरी एवढंच म्हणेन की कॅन्सरच्या भीतीनं झोप उडवून घेऊ नका, पण दर पंधरा दिवसांनी मुळापासून टोकापर्यंत लावायचीही गरज नाही, फक्त वाढलेल्या मुळांना लावा आणि पाकिटावर दिलेल्या वेळेच्या पुढे ठेवू नका. डायमधला रोजचा, खात्रीचा धोका अ‍ॅलर्जीचा आहे, आणि दाढी-मिशीला लावत असाल तर जास्तच, कारण कातडी ओठांच्या आणि नाकाच्या अगदी जवळ.

एक गोष्ट मात्र घरात नातवंडं असतील तर लक्षात ठेवा. पीपीडी पोटात गेलं तर ते जीवघेणं विष आहे, घसा-मान सुजून श्वास अडतो, स्नायू विरघळायला लागतात, लघवी चॉकलेटी होते, किडनी बंद पडू शकते, आणि यावर नेमका उतारा असा नाही. पुड्या बाथरूमच्या उघड्या फळीवर ठेवू नका, कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी काढत बसू नका, पाकीट सोबत घ्या आणि थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.

प्रश्न : दिवाळीच्या खरेदीला गेलो तेव्हा गर्दीत रस्त्यावर एकीनं लेकीच्या हातावर मेंदी काढून दिली, वय ९. कोन काळा होता, वीस मिनिटांत रंग काळा आला, लेक खूश. चार दिवसांनी बरोबर त्याच नक्षीवर फोड उठले. आता फोड गेले पण पांढरट नक्षी राहिली आहे. जाईल का? (एक आई, धनकवडी)

उत्तर : पांढरा डाग बहुतेक मुलांत महिन्यांनी हळूहळू भरून येतो, कधी कधी तसाच राहतो, तिला उन्हापासून जपा आणि स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. नक्षीबरहुकूम फोड उठले म्हणजे कोनातच काहीतरी होतं हे उघड आहे, आणि वीस मिनिटांत काळा रंग देणारं ते बहुतेक पीपीडीच असणार. डायच्या पाकिटात निदान कुणीतरी मापून घातलेलं असतं, असल्या कोनात मापच नसतं, कोण किती घालतंय याला धरबंध नाही, आणि ते थेट कातडीवर तासन्‌तास राहतं. पीपीडी केसांसाठी आहे, कातडीवर नक्षी काढायला नाहीच.

मला डागापेक्षा पुढची काळजी आहे. तुमच्या लेकीला आता पीपीडीची अ‍ॅलर्जी जडली असण्याची दाट शक्यता आहे, ती तिच्या बरोबर राहील, आणि अठरा-वीस वर्षांची झाल्यावर मैत्रिणींबरोबर हौसेनं केस रंगवायला गेली तर तेव्हा तिला आजचा हात आठवणार नाही. म्हणून आत्ताच फोटो काढून तारखेसकट ठेवा आणि तिला समजेल तशी सांगत रहा. साध्या मेंदीला घाबरू नका. मेंदीचा पाला वाटून किंवा खात्रीची पावडर भिजवून घरी कोन करता येतो. तो हिरवट-तपकिरी असतो, रंग आधी केशरी येतो आणि दुसऱ्या दिवशी गडद होतो. फक्त अगदी तान्ह्या बाळांच्या हातापायाला साधी मेंदीही नको, जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांत तिनं रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते आणि ती कमतरता आहे की नाही हे पुष्कळदा आधी माहीतच नसतं.

प्रश्न : एवढं सगळं वाचून आता लावायचं तरी काय? पांढरे केस ठेवून ऑफिसला जायची हिंमत होत नाही. (एक वाचक, औंध)

उत्तर : साधी मेंदी लोखंडी कढईत रात्री भिजवा, चहाचं पाणी आणि आवळा पावडर घालून. लोखंड आणि आवळ्यातलं टॅनिन मिळून रंग जरा काळपट तपकिरीकडे जातो, आपल्या आज्या करायच्या ते उगाच नव्हतं. त्याहून काळा हवा असेल तर दोन पायऱ्या आहेत : आधी मेंदी लावून धुवायची, मग नीळ म्हणजे इंडिगोच्या पानांची पावडर कोमट पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवून लावायची, तास-दोन तास. दोन्ही मिळून गडद तपकिरी ते काळा येतो. वेळ खातं, अख्खा रविवार जातो, आणि रंग पहिल्याच खेपेला मनासारखा येईल असं नाही, हेही खरं. पण इथेही पावडरीच्या मागची यादी वाचा, इंडिगोच्या नावाखाली पीपीडी मिसळलेली पाकिटंही असतात, दोन पानांच्या नावांखेरीज तिसरं रसायन दिसलं तर ठेवून द्या. अगदी शुद्ध पानांचीही आधी कानामागे टेस्ट करा, झाडपाल्याचीही अ‍ॅलर्जी असू शकते. आणि पांढऱ्या केसांचं म्हणाल तर मला तुम्हाला उपदेश करायचा नाही, ऑफिसात काय ऐकून घ्यावं लागतं ते तुम्हालाच माहीत, ज्याची त्यानं ठरवायची गोष्ट आहे.

प्रश्न : माझ्याकडच्या पुडीवर घटकच लिहिलेले नाहीत, कंपनीचा पत्ता पण नाही. रविवार पेठेतून घाऊक घेतली होती. तक्रार कुठे करायची, आणि कोण ऐकणार? (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, एवढं पाहिजेच. बॅच नंबर आणि घटकही लागतात, पण त्यांत अगदी छोट्या पुड्यांना नियमातच सूट आहे. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. सूट नसलेलं यातलं काही गाळलेलं असेल तर तो माल विकणंच बेकायदेशीर आहे, तुम्हाला त्रास झाला असो वा नसो. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५, कॉस्मेटिक्सवर कारवाई करायचा अधिकार तिथल्या औषध निरीक्षकांना असतो. दुकानदार पैसे परत देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणखी एक हक्क आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. १९४० च्या त्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कुठलाही ग्राहक, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, स्वतः विकत घेतलेलं कॉस्मेटिक ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि त्याचा सहीचा अहवाल मागू शकते. सोसायटीतल्या चार-पाच जणींनी मिळून केलंत तर फीही अंगावर येणार नाही. त्यासाठी बिल मागून घ्या, सुटं घेतलं तरी, आणि उरलेली पुडी फोडू नका, आहे त्या पाकिटात, तशीच बंद ठेवा. एक फोडलेली आणि एक न फोडलेली असेल तर उत्तमच. सूज आली असेल तर त्या दिवशीचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडा. उत्तर काय आलं ते या सदराच्या पत्त्यावर कळवा, पुढच्या अंकात छापते.